रंग मोडायला हवा

कोकोनं, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या आजीनं, माझ्या हातातली तार काढून घेतली, तिचं टोक खाली केलं आणि मी अर्धा तास खपून ओवलेले शेवटचे वीसेक मणी सर्रकन मांडीवरच्या कातड्यावर ओघळून टाकले. तार परत माझ्या हातात. चिडलीबिडली नव्हती. पाटीवरचं चुकलेलं अक्षर ओल्या फडक्यानं पुसून आपण पोराच्या हातात पेन्सिल परत देतो ना, तितक्या सहजपणे.

मी लाल मण्यांना लागून केशरी मणी ओवले होते. माझ्या डोळ्यांना झकास दिसत होते, नवरात्रातल्या साडीसारखे. तिची नात हसू दाबत म्हणाली, "ती म्हणतेय, इथे काही दिसतच नाहीये. लालानं केशरी गिळलाय. मध्ये रंग मोडायला हवा."

कोको बोलली केनियातल्या मासाईंच्या मा भाषेत, नातीनं सांगितलं इंग्रजीत आणि माझ्या डोक्यात मात्र ते थेट मराठीतच येऊन बसलं. शंभराची नोट मोडतात तसा रंग मोडायचा. अख्खा असेल तर तो कशाच्याच कामाचा नाही.

नैरोबीहून नमांग्याकडे, म्हणजे टांझानियाच्या हद्दीकडे जाणारा रस्ता इसिन्या, काजियाडो मागे टाकत बिसिलला येतो. तिथून कच्च्या वाटेनं तासभर गेलं की माझ्या मैत्रिणीचं आजोळ. मी तेव्हा नैरोबीत हिशेबाच्या नोकरीवर होते आणि ही माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. ऑफिसात तिच्या अंगावर दागिना म्हणाल तर मनगटावर मण्यांची एक बारीक पट्टी, बस. पण त्या दिवशी गाडीतून उतरायच्या आधी तिनं पिशवीतून ताटलीएवढा रुंद गळपट्टा काढून गळ्यात चढवला, कानांत लांब डूल अडकवले, आणि तिची चालच बदलली. तो गळपट्टा ताठ असतो. मान खाली घालून चालायची त्यात सोय नाही. फोनमध्ये बघत चालायचीही नाही.

आजोळ म्हणजे काटेरी झुडपांच्या कुंपणातली वस्ती, एन्कांग. आत शेणामातीची बुटकी घरं, ती बायकांनीच बांधायची असतात. मी घोकून ठेवलेलं "ताक्वेन्या" म्हटलं, कोकोनं "इको" म्हणून ते पदरात घेतलं. कोको म्हणजे आजीच. पोरं पुढे येऊन डोकं वाकवून उभी राहिली. मला वाटलं लाजतायत. मैत्रिणीनं कोपर मारलं तेव्हा कळलं की त्यांच्या टाळूला हात लावायचा असतो. आपल्याकडे धाकट्याचा हात मोठ्याच्या पायापर्यंत जातो, इथे मोठ्याचा हात धाकट्याच्या डोक्यापर्यंत येतो.

दुपारी गुरं लांब चरायला गेलेली. बायका बाभळीच्या विरळ सावलीत पाय लांब करून बसलेल्या. कोकोच्या मांडीवर गाईच्या कातड्याचा तुकडा, त्यावर मण्यांचे रंगवार ढीग. ती सुई वापरत नव्हती. तारेचं टोक ढिगात खुपसायची आणि कोंबडी दाणे टिपते तसे चार-पाच मणी एका दमात उचलायची. बोटानं मागे ढकलले की पुन्हा खुपस. एकदाही मोजताना दिसली नाही, आणि एकदाही चुकली नाही.

त्या गळपट्ट्याची रचना नीट बघितली तर चक्रावायला होतं. सगळ्यात आतलं कडं गळ्याएवढं, त्याबाहेरचं जरा मोठं, मग आणखी मोठं, अशी वीस-पंचवीस कडी. ती सपाट राहावीत म्हणून ठराविक अंतरावर भोकं पाडलेल्या आडव्या पट्ट्या घालतात. पूर्वी त्या कातड्याच्या असायच्या. कोकोच्या पट्ट्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमधून कापलेल्या होत्या. आता खरी गंमत. प्रत्येक कडं मागच्यापेक्षा मोठं, म्हणजे मणी जास्त, म्हणजे आतल्या कड्यावर लालाचे पाच मणी घेतले तर बाहेर जाताजाता त्याच पट्ट्यात सहा, मग आठ, मग दहा घ्यायला हवेत. नाहीतर नक्षी तिरकी होत जाते. कधी ती मुद्दाम तिरकी करायची असते, तेव्हा गणित आणखी वेगळं. कागद नाही, पेन्सिल नाही, आधी टाकलेले ठिपके नाहीत. मी दिवसभर एक्सेलमध्ये बसणारी बाई. बेरीज जुळली नाही की माझं डोकं दुखायला लागतं. इथे बेरीज गप्पा मारता मारता जुळत होती, आणि गप्पा कुणाच्या तरी सुनेबद्दल चालल्या होत्या हे भाषा येत नसूनही समजत होतं.

नैरोबीचं मासाई मार्केट आपल्या आठवडी बाजारासारखं वारागणिक जागा बदलतं. तिथून मी पहिला हार घेतला तेव्हा विकणाऱ्यानं त्याच्याबरोबर एक छापील चिठ्ठी दिली होती. लाल म्हणजे रक्त आणि शौर्य. पांढरा म्हणजे दूध. निळा म्हणजे पाऊस देणारं आभाळ. हिरवा म्हणजे गवत. केशरी आणि पिवळा पाहुणचाराचा. काळा माणसांचा आणि त्यांच्या कष्टांचा. हीच यादी सफारीवाले सांगतात, हीच विमानातल्या मासिकात असते. मी ती पाठ केली होती आणि मोठ्या ऐटीत कोकोसमोर म्हणून दाखवली. नातीनं भाषांतर केलं. कोकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लाल लाल आहे."

यादी खोटी आहे असं मी म्हणत नाही. गुरांवर जगणाऱ्या माणसांना लाल रंगात रक्त आणि पांढऱ्यात दूध दिसणारच. दोन्ही त्यांच्या अन्नातलं आहे. पण यादी फार सोपी आहे. मासाईंचा देव एन्काई. त्याची दोन रूपं सांगतात. एन्काई नारोक, काळा देव, दयाळू, पाऊस पाडणारा. आणि एन्काई नान्योकिए, लाल देव, रागीट, दुष्काळ आणणारा. नारोक गावाच्या नावात तोच काळा आहे, काळं पाणी म्हणून. मग चिठ्ठीतला काळा कष्टाचा आणि देवातला काळा कृपेचा, हे कसं बसवायचं? पावसाची वाट बघणाऱ्याला काळा रंग कसा दिसतो हे आपल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. जून संपत आला आणि आभाळ निळंभोर असलं की त्या निळ्याला कुणी शुभ म्हणत नाही.

कोकोचं व्याकरण अर्थाचं नव्हतं, शेजाराचं होतं. कुठला रंग कुणाशेजारी बसतो, कुणामध्ये दुसरं कुणी घालावं लागतं. लाल आणि केशरी दोघं जोरकस, त्यांना एकत्र बसवायचं तर मध्ये पांढरा नाहीतर निळा घाला. लांबलचक एकरंगी पट्टा आला की त्याला कुठेतरी छेद द्या. अभ्यासक ही आवड गुरांच्या अंगावरच्या रंगांशी जोडतात, आणि ते पटतं. मा भाषेत गुरांच्या रंगांना आणि ठिपक्या-पट्ट्यांना ढीगभर शब्द आहेत. आपल्याकडेही होते की. ढवळा, पवळा, बांडा, कपिला, कोसा. आता बैलच दिसत नाही म्हटल्यावर शब्द कोण वापरणार. कोको मात्र बसल्या जागेवरून लांबच्या कळपाकडे बघून एकेका गाईचं अंग वर्णन करत होती, आणि त्याच सुरात हातातल्या कड्याबद्दलही बोलत होती.

माणूस कोण आहे हे दागिन्यांवरून वाचता येतं, म्हणजे वाचणाऱ्याला. लग्न झालेल्या बाईच्या कानात लांब मणीकाम असतं, आणि कधी त्यासोबत पितळी तारेची सपाट वेटोळी, भोवऱ्यासारखी गुंडाळलेली. नवरीच्या गळ्यातल्या माळा पार गुडघ्यापर्यंत लोंबतात. तिला भरभर चालताच येत नाही. माहेर सोडताना तिनं मागे वळून बघायचं नसतं, बघितलं तर दगड होते म्हणतात. इतक्या माळांच्या ओझ्याखाली वळणं तसंही अवघडच, हे माझं मत. नव्यानं लग्न झालेली बाई एसियान्किकी. तिचा शृंगार वेगळा आणि चार मुलांच्या आईचा वेगळा.

कान तर स्वतंत्र विषय. लहानपणी टोचायचे आणि मग भोकात काडी, काड्यांची जुडी, लाकडाचा ठोकळा असं वाढवत वाढवत पाळी खांद्याकडे आणायची. एके काळी कॅमेऱ्याच्या रोलची डबी त्यात बसवायची टूम होती. कोकोच्या कानांच्या पाळ्या लोंबत होत्या. काम करताना मध्ये येतात म्हणून तिनं त्या उचलून कानाच्या वरच्या कडेला अडकवल्या, आपण पदर खोचतो तशा. तिच्या नातीचे कान मात्र तुमच्या-माझ्यासारखे. शाळेत गेलेल्या बहुतेकांचे तसेच. तिचे डूल क्लिपनं लावायचे होते.

आणि पुरुष! मला आधी वाटलं होतं हा बायकांचा मामला. मोरान म्हणजे तरुण योद्धा, त्याच्या छातीवर आडव्यातिडव्या माळा, कपाळावर पट्टी, दंडात, मनगटात, पोटरीवर पट्ट्या, केस वाढवून बारीक वेण्या घातलेल्या आणि गेरू-चरबीनं माखून लाल केलेल्या. यातलं बरंचसं त्याच्यासाठी मैत्रिणी ओवून देतात. मग युनोटोचा विधी येतो. त्यात आईच मुलाचे ते जपलेले केस काढून टाकते, आणि धिप्पाड पोरं तेव्हा रडतात. पुढे आणखी एक विधी झाला की तो वडीलधाऱ्यांत बसायला लागतो, आणि बराचसा साज उतरतो. हातात काठी येते, तपकिरीची डबी येते. हे विधी युनेस्कोनं २०१८ साली तातडीनं जपायला हव्या अशा वारशाच्या यादीत घातले. पुरुषाच्या आयुष्यातली नटायची वर्षं अशी मोजकीच, आणि ती दुसऱ्यांच्या बोटांवर अवलंबून.

मण्यांना मा भाषेत इसाएन म्हणतात, स्वाहिलीत शांगा. काचेचे हे मणी मासाई देशात कधीच तयार झाले नाहीत. ते पूर्वीपासून बाहेरून आलेले. त्याआधी बिया, हाडं, शिंपले, लाकूड, आणि मुख्य म्हणजे लोखंडाची, तांब्याची, पितळेची तार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे फोटो बघितले तर बायकांच्या हातापायांवर तारेची घट्ट गुंडाळी दिसते, मनगटापासून कोपरापर्यंत, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, कित्येक किलोंची. आज आपण ज्याला डोळे मिटून 'पारंपरिक मासाई' म्हणतो तो बारीक मण्यांचा रुंद झगमगीत गळपट्टा त्या मानानं कालचा.

मणी व्हेनिसहून यायचे, नंतर बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून. झांझिबारच्या बंदरात उतरायचे. तिथल्या व्यापारात कच्छी शेटजींचा मोठा हात होता. इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन १८५७च्या सुमाराला तिथे होता. त्यानं मण्यांचे सुमारे ४०० प्रकार नोंदले आहेत. एका लाल मण्याला बाजारात 'गाव मोडणारा' असं नाव होतं, कारण बायका त्याच्यापायी वेड्या होतात म्हणे. (असले शब्द नेहमी पुरुषच काढतात आणि प्रवासीही तेच टिपून ठेवतात.)

पण मणी नेले की खपले, असं नव्हतं. जोसेफ थॉमसन हा स्कॉटिश गडी १८८३ साली मासाई मुलखात शिरला. जायच्या वाटेवर किलिमांजारोच्या पायथ्याशी टावेटा गावात त्याला मुक्काम ठोकून हजारो माळा सोडवून पुन्हा ओवून घ्याव्या लागल्या. कारण मासाईंना माळ त्यांच्या ठरलेल्या लांबीचीच लागायची, नाहीतर हात लावत नसत. बंदुका घेऊन आलेला साहेब तंबूबाहेर बसून हमालांकडून मणी ओववून घेतोय, हे चित्र मला फार आवडतं. रंगाचंही तेच. गेल्या खेपेला चाललेला मणी या खेपेला कुणी फुकट घेईना, असं व्यापाऱ्यांचं रडगाणं असे. किनाऱ्यावर माल भरायचा आणि आत पोचेपर्यंत तिकडची आवड बदललेली.

पुढे रेल्वे आली, तिच्या कडेनं आपल्या लोकांची दुकानं आली. दुकानाला स्वाहिलीत दुका म्हणतात आणि दुकानदाराला इंग्रजांनी दुकावाला केलं. नैरोबीतली आजची बियाशारा स्ट्रीट म्हणजे जुना इंडियन बझार. मीठ, साखर, घोंगडी, तार, मणी. त्यातल्या एखाद्या गुजराती काउंटरवर मासाई बायका मणी पारखताना कशा दिसत असतील याची कल्पना मला कोकोबरोबर काजियाडोच्या दुकानात गेल्यावर आली. तिनं मण्यांचा जुडगा उजेडात धरला, दोन बोटांत चोळला, मग थुंकी लावून परत चोळला. दुकानदार म्हणत होता, सारखेच आहेत. ती म्हणाली, नाहीत. एक जुडगा चेक, दुसरा चिनी. चिनी स्वस्त, पण मणी लहानमोठे निघतात आणि रंग उडतो. वर सांगितलेल्या कड्यांच्या गणितात एक मणी जरा जाड निघाला की पुढची अख्खी नक्षी सरकते. त्यामुळे याब्लोनेत्स नावाच्या चेक गावच्या कारखान्यांवर बिसिलच्या आजीचा जितका विश्वास आहे तितका नैरोबीच्या सरकारवर नसावा.

मग हे मासाईंचं कसं, असं एकदा मीच मैत्रिणीला विचारलं. काच बोहेमियाची, दोरा पोत्याचा, प्लास्टिक कॅनचं. ती म्हणाली, तू परवा उपास म्हणून जे पांढरे मणी शिजवून आणले होतेस ते कुठले? साबुदाणा. ज्या कंदाचा तो करतात तो दक्षिण अमेरिकेतला, हे तिला माहीत होतं. केनियात तो कंद, म्होगो, सगळेच खातात. एकादशीच्या पावित्र्याचं मी काही बोलले नाही. डबा तिनंच संपवला होता.

माझं आजोळ रेवदंड्याचं, चौलच्या शेजारचं. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी चौलला उत्खनन केलं, त्यात काचेचे मणी निघाले. २००८ साली त्या काचेचं रासायनिक पृथक्करण छापून आलं. चौलच्या काही मण्यांची काच आणि केनियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांत सापडलेल्या काही मण्यांची काच एकाच जातीची ठरली, दोन्हींत युरेनियमचं प्रमाण वेगळं उठून दिसणारं. म्हणजे युरोपचा मणी यायच्या कितीतरी आधी आपल्या बाजूचा मणी वाऱ्यावर स्वार होऊन त्या किनाऱ्याला लागत होता. तो मासाईंपर्यंत गेला असं मी म्हणणार नाही. ते किनाऱ्याचे लोक नव्हेत. पण रेवदंड्याच्या वाळूत लहानपणी आम्ही शिंपले वेचायचो तेव्हा समोरच्या पाण्यापलीकडे काय आहे असं विचारल्यावर आजोबा 'आफ्रिका' म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

याच मुलखात मगादी नावाचं सोड्याचं सरोवर आहे, पांढऱ्या-गुलाबी खपल्या धरलेलं. तिथला सोडा काच करायला जातो. २००५पासून तो कारखाना टाटांकडे आहे. मासाई जमिनीतला सोडा फिरून मासाई गळ्यात मणी होऊन येतो, असं वाक्य मला लिहायचा मोह झाला होता. पण ते जुळवून आणलेलं वाटेल, म्हणून सोडते.

संध्याकाळी मैत्रिणीनं फोनवर एक फोटो उघडून दाखवला. कुठल्या तरी संकेतस्थळावरचा, खाली लिहिलेलं, पारंपरिक वेषातली मासाई स्त्री. कोकोनं फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि खुदकन हसली. म्हणाली, ही तर माझ्या थोरल्याच्या वेळची. थोरला इल्किटोइप पिढीचा, म्हणजे त्याचं मोरानपण १९७०-८०च्या दशकातलं. मासाईंत मुलं एकत्र मोरान होतात, त्या सगळ्यांची मिळून एक पिढी, तिला नाव. आणि प्रत्येक नव्या पिढीबरोबर मण्यांची नवी चाल येते. नवे रंग, नवा क्रम, नवा आकार. जुनी चाल घालणारी म्हातारी दिसते. शिवाय प्रत्येक शाखेची तऱ्हा निराळी. कोको मातापातो शाखेची, आणि किसोंगो शाखेच्या बायकांच्या मणीकामाबद्दल ती जे बोलली ते नातीनं भाषांतर करायचं नाकारलं.

"आणि तुझ्या वेळचं?" मी विचारलं. तिच्या वेळचे मोरान इसेउरी. तिनं बोटानं हवेत दाखवलं, इथे असा रंग, इथे असा. मग थांबली. तिनं कुणासाठी तरी ओवलं होतं. नवऱ्यासाठी नाही, हे तिनं आपण होऊन सांगितलं आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या एकदम खिदळल्या. मुलीचं लग्न वडील ठरवणार, बहुतेक वयानं मोठ्या माणसाशी. त्याआधीची मैत्री मण्यांत राहते.

हे गोड वाटतं, पण सगळंच गोड नाही. उत्तरेकडे साम्बुरू आहेत, मा भाषाच बोलणारे. त्यांच्यात मोरान एखाद्या कोवळ्या मुलीला लाल मण्यांच्या माळा देतो आणि त्या माळांचा अर्थ ती आता त्याची, असा होतो. मुलगी कधी दहा-बारा वर्षांची. तिथल्याच बायका आता याविरुद्ध उभ्या राहिल्या आहेत. त्या माळांच्या सुंदर फोटोखाली हे लिहिलेलं नसतं. मासाईंतही मुलीच्या अंगावरचा साज वाढला की ती लग्नाची झाली हे गावभर कळतं, आणि पूर्वी त्याच्या आगेमागे तिच्या शरीरावर जे केलं जायचं, म्हणजे मुलींची सुंता, त्यावर केनियात २०११च्या कायद्यानं बंदी आहे. बंदी आहे, सगळीकडे थांबलंय असं नाही. माझी मैत्रीण त्या वयात वसतिगृहाच्या शाळेत होती. कोकोनं पाठवली होती, मणी विकून. गुरं पुरुषांची, मण्यांचा पैसा मात्र बाईच्या कनवटीला राहतो.

सरकारांचंही मजेशीर. टांझानियात १९६०च्या दशकाच्या शेवटी 'ऑपरेशन ड्रेस-अप' काढलं होतं. मासाईंनी पँट-शर्ट घालावेत, गेरू फासू नये, असल्या वेषात गावात, बसमध्ये येऊ नये. देशाला लाज वाटत होती. आता त्याच देशाच्या विमानतळावर उतरलं की भिंतभर कोण दिसतं हे वेगळं सांगायला नको.

कोकोच्या गटातल्या बायका पर्यटकांसाठी कुत्र्यांचे पट्टे करतात. लंडनमधल्या कुत्र्यांसाठी. मला वाटलं होतं तिला याचा अपमान वाटत असेल. तिला फक्त एकच तक्रार होती. मागणी काळ्या-तपकिरी रंगाची येते. "एवढे पैसे देतात," ती म्हणाली, "आणि ज्यात काहीच दिसत नाही असं कुत्र्याला घालतात."

निघायच्या दिवशी सकाळी तिनं तो अर्धवट झालेला गळपट्टा मापासाठी माझ्या गळ्यात घालून बघितला. काढताना तारेच्या टोकात माझी पोत अडकली. रोजची, साधी, ठाण्याच्या पटवेकऱ्यानं गाठवलेली काळ्या मण्यांची पोत, दोन वाट्या. टप्प झालं आणि मणी धुळीत.

"वाढलं," मी म्हणाले. तोंडातून आपसूक गेलं.

मैत्रिणीनं विचारलं, काय झालं म्हणालीस? आता हे कसं सांगायचं. मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. बांगडीही फुटत नाही, वाढते. मी तिला सांगितलं, तिनं कोकोला. कोकोनं मान डोलावली. तिला त्यात समजावून सांगण्यासारखं काही वाटलं नाही. आधी तिनं माझ्या नवऱ्याची चौकशी केली. ठणठणीत आहे, नैरोबीत आहे, असं सांगितल्यावर कामाला लागली. पोरांना बसवून धुळीतले मणी वेचून घेतले. दोन दिवस तिला प्रश्न पडलेला होता तो आता विचारला: लग्न झालेली बाई, आणि एवढेसेच? आणि सगळे काळे?

आमच्यात असेच असतात, मी म्हणाले.

सिमेंटच्या पोत्यातून तिनं एक धागा उसवला, मांडीवर वळून पीळ दिला. पोतीला पोत्याचा दोरा. मी हिशेबनीस, तेव्हा मोजलेच: नऊ मणी सापडले नव्हते. कोकोचे डोळे अधू झालेले, पण बोटं काळ्या मण्यांतून झरझर गेली. मध्येच थांबली, कातड्यावरून दोन पांढरे आणि एक निळा उचलला, ओवला. पुन्हा काळे. पुन्हा पांढरे, निळा. चार ठिकाणी. मी हात पुढे केला होता, नको म्हणायला. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

दिवाळीला ठाण्यात आले तेव्हा सासूबाईंचं लक्ष आधी गळ्याकडेच गेलं. चष्मा लावून, पोत बोटांवर घेऊन, वाट्यांपासून वरपर्यंत त्यांनी ती नीट बघितली. पांढऱ्यापाशी थांबल्या, निळ्यापाशी थांबल्या. गाठ शोधली, ती काही सापडली नाही.

"तिकडे असताना वाढली होती," मी म्हणाले.

"दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "चांगले तीन मणी वाढली की."